शिशाचे अठरा स्वार

घोडा आधी एड्विनच्या अंगठ्याने ओळखला, डोळ्यांनी नंतर. डाव्या मागच्या पायाच्या सांध्यावर तांदळाच्या कणीएवढा फुगवटा होता. तो पाय कधीतरी मोडला होता, आत बारीक तार घालून जोडला होता, वरून रंगाऱ्याची लांबी भरून घासला होता. घासताना शेवटी शेवटी कंटाळा केला होता, आणि तेवीस वर्षांनी तोच कंटाळा आता अंगठ्याला लागत होता. समोर डोरीन चहाच्या किटलीला विणलेलं टोपडं घालत होती. तिच्या नवऱ्याला, मॉरिसला, जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याच्या मागच्या खोलीतली अकरा खोकी एड्विनने उघडून बघावीत, क्लबातल्या कोणाला काय द्यायचं आणि काय विकायचं ते सांगावं, एवढ्यासाठी तिने त्याला बोलावलं होतं. हे तिसरं खोकं. एड्विनने चष्मा कपाळावर सरकवला आणि घोडा डोळ्यांजवळ नेला. स्वाराच्या ढालीवर तांबडं वर्तुळ होतं, त्यातून निघालेले आठ पिवळे किरण, आणि सातवा किरण इतरांपेक्षा जाड. त्या दिवशी ब्रशचा एक केस सुटला होता. खोक्यात असे अठरा स्वार होते, एक अधिकारी आणि एक निशाणवाला धरून. निशाण म्हणजे वाऱ्याने फुगलेला कापडी अजगर, त्याच्या खवल्यांना हिरवा आणि निळा असे दोन रंग एकाआड एक दिले होते. सारं काही त्याचंच होतं. बैठका मात्र त्याच्या नव्हत्या.

टेबलावर लढाया खेळणाऱ्या माणसांना हे सांगावं लागत नाही. बोटभर उंचीचा सैनिक ज्या चकतीवर उभा असतो, त्या चकतीवरची जमीन ज्याची त्याची वेगळी असते. चेहरा, चिलखत, घोड्याची झूल हे सगळं पुस्तकात बघून कोणीही कोणासारखं रंगवील. पण पायाखालची माती माणूस सवयीने करतो, सहीसारखी. एड्विन त्या काळात लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून चिकटवायचा. मॉरिस नदीची वाळू लावायचा. तिच्यावर गडद तपकिरी, मग कोरड्या ब्रशने पिवळट रंगाचा ओझरता हात, आणि शेवटी वाळक्या गवताचे तीन झुबके. तीनच, कधी दोन नाहीत की चार नाहीत. या अठराही बैठकांवर तीन तीन झुबके होते.

“काय रे, काही भारी सापडलं का?” डोरीनने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “रोमन आहेत, शेवटच्या काळातले. सावकाश बघावे लागतील. हे खोकं घरी नेतो.”

“ने की. विचारतोस काय?”

ती खोक्याकडे बघितल्यासारखं करून लगेच बिस्किटांच्या डब्याकडे वळली, आणि एड्विनच्या मनात पाल चुकचुकली. चाळीस वर्षांत तिने त्याला कधी बिस्कीट दिलं नव्हतं, कारण तो नको म्हणतो हे तिला पाठ होतं. आज तिने दोन दिली. आणि त्यानेही ती निमूटपणे खाल्ली.

स्टेपलफर्डहून बीस्टनला येणाऱ्या बसमध्ये तो खोकं मांडीवर घेऊन बसला. बाहेर फेब्रुवारीचा मळकट उजेड होता, आणि एरवी नाव घेताच ओळखीची वाटणारी दुकानं आज काचेमागून त्याच्याकडेच बघत आहेत असं त्याला वाटत होतं. तेवीस वर्षं तो हे स्वार चोरीला गेले असं म्हणत आला होता. क्लबाच्या कपाटातून ते गेले होते, चर्चच्या हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या हिरव्या लोखंडी कपाटातून, ज्याच्या कुलपाला एकच किल्ली होती आणि ती पाळीपाळीने फिरायची. ते मॉरिसकडे कसे आले? विकत घेतले असते तर मॉरिसने पहिल्या तासात फोन केला असता. कुणी दिले असते तरीही. आणि बैठका का बदलल्या? ज्याच्या मनात काही नाही तो माणूस दुसऱ्याच्या घोड्याखालची जमीन खरवडत बसत नाही. गाय चोरणारा आधी तिचं शिंग रंगवतो. मॉरिस, ज्याच्या शवपेटीला एड्विनने तीन आठवड्यांपूर्वी खांदा दिला होता, तो मॉरिस मागच्या खोलीत बसून, तोंडात पाइप धरून, एकेका घोड्याखालून त्याचं नाव पुसत होता, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते जाईना. मग ज्या गोष्टी इतकी वर्षं नुसत्या गोष्टी होत्या त्या एकेक करून पुरावे होऊ लागल्या. एड्विन घरी आला की मॉरिस मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायचा. आत पसारा आहे, म्हणायचा. रोमन घोडदळाचा विषय निघाला की फुटबॉलवर यायचा. एड्विनच्या साठीला त्याने खऱ्या मुंगसाच्या केसांचे सहा ब्रश दिले होते. एवढं कशाला, असं विचारल्यावर तो खिडकीकडे बघत राहिला होता. चोराच्या मनात चांदणं. आणि खोकी एड्विननेच उघडावीत हीही मॉरिसचीच इच्छा, असं डोरीन म्हणाली होती. तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. आता वाटत होतं, मेल्यावर टपली मारून गेला.

पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक विचार होता आणि एड्विन त्याला बसभर वळसा घालत होता. मॉरिसने घेतले, तर एव्हर्टनने घेतले नव्हते.

एव्हर्टन पॅलमर. जमैकाहून आलेल्या नर्सचा मुलगा, जन्म नॉटिंगहॅमचाच, तेव्हा तिशीतला. दातांच्या कवळ्या बनवायच्या कामात होता. क्लबात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. घोड्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका ठेवायचा, तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नसे, पण नसला तर घोडा आंधळा वाटे. त्याच्याकडे इराणी घोडेस्वार तिरंदाज होते, एड्विनकडे रोमन. दोघांनी मिळून दोन हिवाळे एकच लांबलचक लढाई चालवली होती. रोमन म्हणजे ते चकचकीत, ओळीत चालणारे, शाळेच्या पुस्तकातले रोमन एड्विनला कधीच आवडले नाहीत. त्याला आवडायचे शेवटचे, थकलेले. निम्मे स्वार परक्या टोळ्यांतले, शेजारी कोण उभा आहे याची खात्री नाही, राजधानीतून आलेल्या हुकमाखाली खरी मुद्रा आहे की खोटी हे कुणी सांगू शकत नाही, तरीही चिलखत घासून लख्ख ठेवणारे. ब्याण्णव सालच्या जानेवारीत त्याची बायको ग्लेनिस त्याला सोडून गेली, तेव्हा हे अठरा स्वार निम्मे झाले होते. उरलेले त्याने पुढच्या सात आठवड्यांत पुरे केले. एका हाताशी ब्रशचं पाणी, दुसऱ्या हाताशी व्हिस्की, आणि दोनदा ब्रश व्हिस्कीत बुडवला होता. मार्चमध्ये एका शनिवारी त्याने कपाट उघडलं, खोकं नव्हतं. सगळ्यांना त्याने टेबलाभोवती बोलावलं. आपण काय म्हणालो ते त्याला शब्दशः आठवत होतं, कारण त्या शब्दांचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. “मी कुणाचं नाव घेत नाही. किल्ली शेवटी कुणाकडे होती, एवढंच विचारतो.”  एव्हर्टनने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग आपले इराणी तिरंदाज एकेक करून, धनुष्यं वाकणार नाहीत अशा बेताने, कापसात गुंडाळून ठेवले. चाळीस होते. घाई केली नाही. तेवढा वेळ बारा माणसं खिडक्यांकडे, फरशीकडे, चहाच्या कपांकडे बघत उभी होती. तो पुन्हा आला नाही. एड्विनच्या मते त्याच्या न येण्यानेच सगळं सिद्ध झालं होतं.

घरी आल्यावर त्याने कोटही काढला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर, खिडकीतून तिरका उजेड येत होता तिथे, अठरा स्वार ओळीने मांडले. बशीत कोमट पाणी घेतलं आणि निशाणवाल्याला त्यात असा उभा केला की पाणी फक्त चकतीला लागेल. गोंद भिजायला पाव तास लागतो. तो पाव तास त्याने घड्याळाकडे बघत काढला, आणि मनाशी वाक्यं जुळवली: डोरीनला काय म्हणायचं, क्लबात काय म्हणायचं. मेलेल्या माणसाचं नाव न घेता कसं बोलायचं ते त्याला चांगलं जमत होतं. मग वाळू दुधावरच्या सायीसारखी सुटून आली, तीन झुबक्यांसकट. खाली त्याचा हिरवा भुसा होता, काळा पडलेला, पण त्याचाच. चकतीच्या तळाला मॉरिसने काळा कागद चिकटवला होता. नखाने कोपरा उचलला तसा तो अख्खा निघाला. खाली पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं:

मॉरिसला. परत मागणार नाही. ७ मार्च ९२. ई. हॅ.

एड्विनने चष्मा पुसला. शेवटची आद्याक्षरं त्याचीच होती. अक्षर उभं, सुटं, नकाशावर लिहितात तसं. सातच्या पोटात आडवी रेघ. चौतीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढताना ज्या हाताने ते अक्षर काढलं, तो हात पुठ्ठ्याशेजारीच पडलेला होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, मॉरिसने नक्कल केली. हे वाटताच त्याला फार बरं वाटलं. तो जिन्याखालच्या कपाटातून जुन्या आराखड्यांची गुंडाळी घेऊन आला, त्यातले सातचे आकडे शोधून काढले, भिंग लावून रेघा ताडून बघितल्या. रेघ डावीकडून उजवीकडे किंचित चढती होती. सगळ्याच सातांची तशीच होती. नक्कल करणारा माणूस एवढं बघत नाही; आणि मॉरिसचा हात मुळात नक्कल करणारा नव्हता, त्याला स्वतःची सहीही दोनदा सारखी जमत नसे. मग एड्विनने उरलेल्या सतरा चकत्या भिजवल्या. दुपार उतरली तेव्हा टेबलभर ओली वाळू आणि गवताचे झुबके पसरले होते. बाकीच्या पुठ्ठ्यांवर फक्त आकडे होते, एक ते सतरा. निशाणवाला अठरावा, शेवटी केलेला. एवढं सगळं हाताखाली असूनही त्याला काही आठवलं नाही. सात मार्चचा पाऊस की ऊन, आपण त्याच्या घरी गेलो की तो इकडे आला, काही नाही. दारूने त्या वर्षातले काही दिवस असे नेले होते की त्यांच्या जागी भोकही राहिलं नव्हतं, कडा एकमेकींना जोडून शिवून टाकल्या होत्या. दिलेली वस्तू दोन आठवड्यांनी तो कपाटात शोधत होता. आयुष्यभर ज्या माणसावर संशय घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, तो माणूस ओला पुठ्ठा हातात धरून स्वयंपाकघरात बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीन ओट्याशी गाजरं सोलत होती. त्याने पुठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला नाही.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“बस आधी.” तिने हात पुसले. “तू दिलेस ते माझ्यासमोर दिलेस. इथेच बसून. म्हणालास, घरी राहिले तर कालव्यात टाकीन. रडत होतास. तुला नाही आठवणार.”

“मग मी क्लबात ते बोललो तेव्हा मॉरिस तिथेच होता. माझ्या शेजारी.”

“दोनदा आला तुझ्याकडे, त्या आठवड्यात. तू दार उघडलं नाहीस. खिडकीतून बाटली दिसत होती म्हणाला. मग म्हणाला, एड सावरला की सांगतो. तू सावरलास. मग म्हणाला, आता सांगितलं तर पुन्हा बाटली धरेल.” तिने वळून त्याच्याकडे बघितलं. “तुला त्या बाटलीतून कुणी काढलं, एड्विन?”

मॉरिसनेच काढलं होतं. दर संध्याकाळी येऊन, काही न बोलता, दोघांमध्ये रंगांच्या बाटल्या मांडून. वर्षभर.

“आणि एव्हर्टन?”

डोरीनने गाजर हातात घेतलं आणि परत ठेवलं. मॉरिसला दोघांपैकी एकालाच वाचवता येत होतं असं त्याला वाटलं, ती म्हणाली. त्याने जो जवळचा होता त्याला वाचवलं, आणि त्याचं त्याला कधी बरं वाटलं नाही. एकदा एड्विन न सांगता मागच्या खोलीत शिरला होता, त्यानंतर मॉरिसने बैठका बदलल्या, एड्विनची नजर पडली तर ओळखू येऊ नयेत म्हणून. दर नाताळला तो एव्हर्टनला कार्ड पाठवायचा. उत्तर कधी आलं नाही. पत्ता वहीत आहे.

“तू का नाही बोललीस?”

“तुम्ही पुरुष माणसं खेळत होतात,” ती म्हणाली. “मला वाटलं, खेळातलंच आहे.” मग काही वेळाने म्हणाली, “असं मी स्वतःला सांगायचे.”

पत्ता अल्फ्रेटन रोडवरचा होता. खाली यंत्रांत कपडे धुऊन न्यायचं दुकान, वर एव्हर्टनची कार्यशाळा. जिना चढताना एड्विनला गरम साबणाचा वास आला आणि मध्येच थांबून त्याने दोनदा खोकं या हातातून त्या हातात घेतलं. मनात एक वाईट विचार आला आणि तो त्याने पुरता येऊ दिला: अजूनही परत जाता येईल. मॉरिस गेला. डोरीन कुणाला सांगायची नाही. पुठ्ठा शेगडीत टाकला की संपलं. एवढा सोपा मार्ग समोर असताना आपण तो घेणार नाही याची त्याला अजिबात खात्री नव्हती, आणि म्हणूनच बहुधा त्याने घाईघाईने दार वाजवलं.

एव्हर्टनचे केस पांढरे झाले होते. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे नावाच्या चिठ्ठ्या लावून मांडलेले होते. दिव्याखाली एक एकटा दात चिमट्यात धरून तो त्याच्या मुळाशी बारीक ब्रशने पिवळसर छटा देत होता. त्याने एड्विनला ओळखलं. हातातला दात पुरा केला, वाळत ठेवला, आणि मग स्टूल वळवलं.

“बोला, मिस्टर हॅलम.”

एड्विन बोलला. पाठ करून आलेलं बोलला, सात मार्चपासून सुरू करून. एव्हर्टनने पुठ्ठा घेतला, दिव्याखाली धरला.

“अक्षर तुमचंच आहे.”

“हो.”

“आणि तुम्हाला आठवत नव्हतं.”

“नाही. शपथेवर सांगतो.”

“ते मान्य करतो. मला दुसरंच विचारायचंय.” त्याने पुठ्ठा परत दिला. “तुमचा माझ्यावर खरंच संशय होता का?”

हो, असं एड्विनच्या ओठांवर होतं. संशय होता, चुकीचा होता, माफ कर. याच पायऱ्यांनी तो इथवर चढून आला होता. “किल्ली तुझ्याकडे होती,” तो म्हणाला.

“गुरुवारपासून. बुधवारपर्यंत जेराल्डकडे होती. त्याआधी तुमच्याकडे. त्या दिवशी टेबलाभोवती उभे असताना तुम्ही किल्ली म्हणालात आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही नाव घेतलं नाहीत हे खरं आहे. घ्यावं लागलं नाही.”

खालच्या यंत्रांची घरघर फरशीतून पायांत येत होती. त्या शनिवारी आपल्याला खरोखर काय वाटलं होतं ते एड्विन शोधू लागला, आणि आता पहिल्यांदा त्याला काहीतरी आठवलं. सात मार्च नाही. एकवीस मार्च. किल्ली हा शब्द उच्चारताना वाटलेली सुटका. ग्लेनिस गेली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, कुणाकडे बोट दाखवता येत नव्हतं. इथे मात्र एक वस्तू हरवली होती आणि एक माणूस उभा होता, आणि सगळी खोली आपल्या बाजूने वळली होती. त्यात संशय असा फारसा नव्हताच.

“नव्हता,” तो म्हणाला. “तू सोयीचा होतास.”

एव्हर्टनने मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

“माझा धाकटा भाऊ मला चिडवायचा. म्हणायचा, कशाला जातोस त्या गोऱ्या म्हाताऱ्यांत घोडे घेऊन? मी सांगायचो, तिथे फक्त घोडे कसे रंगवलेत तेवढंच बघतात. मला ते खरंच वाटायचं, मिस्टर हॅलम. त्या शनिवारनंतर त्याला सांगायला माझ्याकडे काही राहिलं नाही. त्याने कधी विचारलंही नाही, तेच वाईट.”

एड्विनने खोकं पुढे सरकवलं. एव्हर्टनने ते उघडलंही नाही. नको, म्हणाला. माफीही इथे नको, या खोलीत ती ऐकणारे फक्त हे जबडे आहेत. जिथे उभे राहून बोललात तिथे उभे राहून सांगा. “आणि मग ते काय म्हणाले ते मला येऊन सांगा. खरं म्हणाले असतील तेच.”

शनिवारी हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. फरशीच्या मेणाचा आणि बेकन घातलेल्या पावाचा नेहमीचा वास होता. टेबलांवर नेपोलियन, वाळवंट, अंतराळ. ब्याण्णव सालातली चार माणसं उरली होती. बाकीच्यांना एव्हर्टन हे नावही माहीत नव्हतं. साडेअकराला, खेळ सुरू होण्याआधी, जेराल्डच्या सूचना संपल्यावर एड्विन उठला. जेराल्ड क्लबाचा सेक्रेटरी, सत्तरी ओलांडलेला, घंटा वाजवून गप्प बसवणारा. एड्विनने कागद आणला होता, पण वाचला नाही. तेवीस वर्षांपूर्वी मी या हॉलमध्ये एव्हर्टन पॅलमर या माणसाला चोर ठरवलं, त्याचं नावही न घेता. चोरी झालीच नव्हती, स्वार मीच दुसऱ्याला दिले होते. आणि त्याने ते घेतले असं मला तेव्हाही मनापासून वाटत नव्हतं. दीड मिनिटही लागलं नाही. तरुण माणसं अवघडून हसली, एकाने मान डोलावली, कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून फासे सांडले आणि तो ते वेचत बसला. एड्विन त्या चौघांकडे बघत होता. आश्चर्य कुठल्या चेहऱ्यावर उमटतं ते त्याला बघायचं होतं. एकाच्याही उमटलं नाही.

जेराल्ड त्याला मागच्या छोट्या स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि नळ सोडून कप विसळायला लागला, जणू त्यासाठीच आले होते.

“एवढं सगळ्यांसमोर कशाला काढलंस? जुन्या गोष्टी.”

“तुम्हाला माहीत होतं.”

जेराल्डने एक कप उपडा घातला. “मॉरिसने त्याच आठवड्यात सांगितलं. मला आणि कमिटीतल्या बाकीच्यांना. आमचं ठरलं, तुला जरा सावरू द्यायचं, मग त्या पोराला बोलावून मिटवून टाकायचं.”

“पोर नव्हता. तीस वर्षांचा होता.”

“तेच रे. मग तो काही आला नाही. आणि खरं सांगू का?” त्याने नळ बंद केला, आणि पाणी थांबल्यावर त्याचा आवाज अचानक मोठा वाटला. “तो नव्हता तर हलकं वाटायचं. वाईट नव्हता तो, पण तो आला की माणसं जपून बोलायची. विनोद करायच्या आधी इकडेतिकडे बघायची. तू आमच्यासाठी एक काम सोपं केलंस, असं समज. कुणी तुला कधी दोष दिला का?”

दिला नव्हता. त्या वर्षी त्यांनी त्याला नाताळच्या जेवणाला टेबलाच्या डोक्याशी बसवलं होतं. त्याच्या पाठीवर थाप मारणारे ते हात, त्याला दरवर्षी मिळालेला उत्तम रंगकामाचा कप, चहात दोन चमचे साखर न विचारता घालणारी ती माया, हे सगळं एड्विनला आता पुन्हा मोजून घ्यावंसं वाटत होतं आणि मोजायला कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. मॉरिसने डोरीनला अर्धंच सांगितलं होतं. की डोरीनने एड्विनला अर्धं सांगितलं होतं? दारातून हॉल दिसत होता. माणसं वाकून पट्टीने अंतरं मोजत होती, हसत होती. एका तरुणाने हात उंचावून त्याला विचारलं, “एड्विन, त्या रोमन चिलखताला रुपेरी आधी देऊ की काळा?”  एड्विनने कोट घेतला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

रविवारभर त्याने एव्हर्टनला काय सांगायचं याचा विचार केला. ते गप्प राहिले, असं सांगता आलं असतं. खोटंही झालं नसतं. त्यांना वाईट वाटलं, असंही. माणसाला तेवीस वर्षांनी एक जखम भरून येत असताना दुसरी द्यायची का? पण हे मॉरिसचं बोलणं होतं, अगदी त्याच्याच आवाजातलं. सावरला की सांगतो. ते ओळखल्यावर एड्विन उठला आणि कोटाच्या खिशात बसचे सुटे पैसे टाकून ठेवले.

सोमवारी सकाळी एव्हर्टनच्या हातात मेणाचा जबडा होता. त्याने मान वर न करता विचारलं, “काय म्हणाले?”

“त्यांना माहीत होतं,” एड्विन म्हणाला. “सगळ्यांना. पहिल्या आठवड्यापासून.”

एव्हर्टनचा हात थांबला.  त्याच्या अंगठ्याखाली एक दात हळूहळू तिरका होत गेला, ते त्याच्या लक्षात आलं नाही. खाली एक यंत्र थरथरत थांबलं. मग त्याने जबडा बाजूला ठेवला, उठून जिन्याचं दार लोटून कडी घातली, आणि भिंतीशी पडलेलं दुसरं स्टूल पायाने ओढून दिव्याजवळ आणलं.

“बसा,” तो म्हणाला. “आता एकेकाचं नाव घेऊन सांगा.”

एड्विन बसला. 

“एड्विन हॅलम,” तो म्हणाला, आणि मग पुढचं नाव घेतलं.